उंबऱ्याखालची पायरी

भागीआत्या सकाळी मागलं दार उघडायची आणि खाडीकडे तोंड करून विचारायची, "कोण आलंय?"

दारात माणूस उभा असल्यावर विचारतात तसंच. आवाज चढवून नाही, थट्टेनंही नाही. विचारून झालं की हात कडीवर ठेवून गप्प उभी राहायची. खाली चिऱ्याच्या पायऱ्या, पायऱ्यांपुढं काळा चिखल, चिखलापलीकडे ओहोटीचं हललं न हललंसं पाणी. तिथं माणूस म्हणून कोणी नसायचं. तरी जरा वेळानं खालून आवाज यायचा. टक्. मग थोडं लांबून, टक् टक्. आत्या मान हलवायची, कडी सोडायची आणि चुलीकडे वळायची. लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायची तेव्हा हे ऐकून गोधडी डोक्यावरून घ्यायची. पुढं प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं, की पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली कालवं आपले शिंपले घट्ट मिटून घेतात, आतलं पाणी उडतं, त्याचा तो आवाज. कारण कळलं. गोधडी ओढून घ्यावीशी वाटायची ती मात्र वाटतच राहिली.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी दर वेळी सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते, आई मासळीबाजारात पाटी घेऊन बसायची. निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन मी सगळ्यांच्या आधी आत्याकडे गेले. तिनं पेढा जिभेच्या टोकावर ठेवला, डोळे मिटले, आणि औषध पारखावं तसा बराच वेळ तो चघळला. मग म्हणाली, "गोड हाय. आता सांग, तुझ्या पुस्तकातली खाडी खारी हाय का गोडी?"

भागीआत्या बाबांची थोरली बहीण. उंच, वाळकी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि पाय सदा ओले. तिचे कोरडे पाय मी एकदाच पाहिले, ते पुढं येईल. तळहातावर कालवांच्या धारेनं झालेल्या पांढऱ्या रेघा इतक्या, की त्यातली नशिबाची कुठली आणि कालवाची कुठली हे ज्योतिषालाही सांगता आलं नसतं. भाट्याच्या पुलापासून खाडीच्या काठाकाठानं आत गेलं की तिची वाडी लागायची. घरं थोडीच, सगळी पाण्याकडे पाठ करून बसलेली. प्रत्येक घरामागं खाडीत उतरणाऱ्या पायऱ्या, कारण रस्ता होण्याआधी माणसं होडीनं यायची. आत्या लग्न होऊन आली तीही होडीतून. माप ओलांडायच्या आधी ती मागल्या पायऱ्या चढून आली, आणि सगळ्यात वरच्या, उंबऱ्याखालच्या पायरीवर सासूनं तिच्या पायावर पाणी घातलं. नवरा मुंबईला गोदीत. शिमग्याला आणि गणपतीला यायचा, आणि एका वर्षी आला नाही, त्याची बातमीच आली. एकुलता मुलगा विलास, तोही मुंबईलाच कामाला लागला. आत्या कालवं पाडायची, मुळे म्हणजे चिखलातले शिंपले वेचायची, बाजारात नेऊन विकायची आणि कोणाची मिंधी नव्हती.

तिची दुसरी सवय म्हणजे पाणी चाखायची. खाडीत उतरली की ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, गालात घोळवायची, थुंकायची. चार पावलं वर जाऊन पुन्हा तेच. "आज हितवर आलंय," असं म्हणायची, म्हणजे मीठ. उन्हाळ्यात मीठ वर चढतं, पावसाळ्यात नदी त्याला खाली ढकलते, हे तिच्या जिभेला पाठ होतं. पण मी कॉलेजात असतानाच तिच्या बोलण्यात एक काळजी यायला लागली. मीठ खाली जाईना. श्रावण सरला तरी तिच्या जुन्या खुणेपाशी पाणी मचूळच. मुळे पूर्वी वाडीसमोर मिळायचे, ते आता वर, खाडीकाठच्या भातखाजणांच्या बांधापाशी सापडायला लागले. कारणं मला ठाऊक होती, आणि मी ती तिला ओट्यावर बसून समजावली. खाडीच्या मुखाशी वाळू उपसली म्हणून पात्र खोल झालं, वरच्या अंगाला नदीचं पाणी अडलं, समुद्र तर थोडा थोडा चढतोच आहे. तिनं सगळं ऐकलं. मग तिची कारणं सांगितली. खाडीच्या तोंडाशी राखणदाराला कोंबडा द्यायचे ते लोकांनी बंद केलं, आता तो हद्द राखत नाही. मी हसले. ती हसली नाही.

"तो नसला तर मंग हे कसे येतात वर?" असं म्हणून तिनं अंगणाकडे बोट दाखवलं. तुळशीच्या कट्ट्यावर एक निवटा बसला होता. चिखलातला मासा तो, परांवर रेटत चालणारा, डोळे डोक्याच्या वर आलेले. पाण्यापासून इतक्या लांब मी निवटा कधी पाहिला नव्हता. तो आमच्याकडे बघत होता. पापणी नाही म्हणून तसं वाटतं, पण डोळा आत ओढून तो पुन्हा बाहेर काढतो तेव्हा डोळा मारल्यासारखा दिसतो. आत्या म्हणाली, "बघायला आलाय. आधी कुर्ली येते वास घ्यायला. मंग हा येतो घर बघायला. ह्यानं जाऊन सांगितलं की बाकीचे येतात."

कुठला जीव कुठं राहतो ह्यावर आमच्या प्राध्यापकांनी एक गोष्ट शिकवली होती, ती मला फार आवडली होती आणि मी ती आत्याला मोठ्या तोऱ्यात सांगितली. खडकावर चिकटून राहणाऱ्या जिवाची वरची हद्द उन्हानं ठरते आणि खालची शेजाऱ्यानं. फार वर बसला तर भरती येईपर्यंत वाळून मरतो. फार खाली बसला तर दुसरे जीव त्याला खातात नाहीतर त्याची जागा बळकावतात. मधल्या पट्ट्यात तो जगतो. आत्यानं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे मधू मला खाली ऱ्हाऊ देत नाय नि ऊन वर जाऊ देत नाय. बरोबर हाय. मधू हायच तसला." मधूकाका तिचा शेजारी. दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून दोघांचं आयुष्यभर भांडण, आणि एकाकडे कालवण झालं की वाटी दुसऱ्याकडे.

तो मधूकाका वाडी सोडून गेला. उधाणाच्या भरतीला त्याच्या पडवीत पाणी यायला लागलं होतं, भातखाजणाचा बांध फुटून शेतात खारफुटीची तिवरं उगवली होती. मुलानं वर सड्यावर, कातळमाळावर, घर बांधलं आणि म्हाताऱ्याला उचलून नेलं. जाताना तो गडग्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्यामागून एकेक घर बंद झालं. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा मधूकाकाच्या घराच्या मागल्या भिंतीला कमरेएवढी कालवं बसली होती. तुळशीवृंदावनाच्या चारी बाजूंना कालवं. पणतीच्या कोनाड्यात कालवं, ओठ मिटून, एकमेकांना खेटून, देवळात दाटीवाटीनं बसावं तशी. ओहोटी होती. मी अंगणात पाय ठेवला आणि भिंतभर आवाज फिरला. टक् टक् टक्. माझी सावली पडली म्हणून ती मिटत होती, दुसरं काही नाही. मी मागल्या पावली बाहेर आले.

त्या दिवशी मी आत्यापाशी विषय काढला. मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, रत्नागिरीत वरच्या अंगाला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. तिला म्हटलं, चल माझ्याकडे. नळाला गोडं पाणी आहे, दवाखाना जवळ आहे, इथं आता हाकेला ओ द्यायलाही कोणी नाही. विलासनं मुंबईहून फोनवर तेच सांगितलं होतं. तिनं आधी मला झिडकारलं. "खाडीनं पाठवलंय काय गो तुला, मला उठवायला?" मग माझा चेहरा बघून नरमली. मला घेऊन मागल्या दारी आली आणि उंबऱ्याखालच्या पायरीवर बसली. खालच्या पायऱ्यांवर कालवं होतीच, आणि दर वर्षी ती एखाद पायरी वर सरकत होती. ही वरची तेवढी स्वच्छ होती.

पायरीवर तळहात टेकून ती म्हणाली, "हे बघ बाय. पूर म्हणजे पावणा. येतो, चिखल करतो, जातो. पावण्याला भिऊन कोण घर टाकत नाय. कालव म्हणजे बिऱ्हाड. ह्या पायरीवर कालव बसलं म्हणजे खाडी ह्या पायरीवर ऱ्हायला आली. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन. बोलवायलासुद्धा लागायचं नाय."

मला ते पटलं. पदवीधर म्हणून पटलं. भिंतीवरचा पाण्याचा डाग एका वादळानंही पडतो. पण कालव बसायचं आणि वाढायचं तर पाणी तिथं नेमानं यावं लागतं आणि काही तास राहावं लागतं. घर सोडायची वेळ झाली की नाही, हे ठरवायला ह्याहून प्रामाणिक खूण मलाही सुचली नसती. मी म्हटलं, ठरलं.

तेव्हापासून मी बहुतेक प्रत्येक अमावास्या-पुनवेला जाऊ लागले. दुपारी उधाणाचं पाणी वरच्या पायरीवर चढून उंबऱ्याला टेकताना मी डोळ्यांनी बघायची. ते ओसरलं की खाली वाकून पायरी तपासायची. हात फिरवायची, कडा बघायची. काही नाही. तिच्याखालची पायरी कालवांनी पांढरी, दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर कालवं, आणि मधोमध ही एक पायरी घासल्यासारखी लख्ख. आत्या मागं उभी राहून विचारायची, "बसलं?" मी नाही म्हणायची. ती म्हणायची, "मंग चहा टाकते."

मी कारण शोधलं. ह्या पायरीवर दुपारचं ऊन थेट पडतं, चिरा तापतो, कालवाचं पिल्लू टिकत नसावं. नाहीतर विहिरीचं गोडं पाणी चिऱ्याखालून झिरपत असावं. आत्यानं दोन्ही कारणं ऐकून घेतली. "असेल," म्हणाली. "तू शिकलेली हायस."

विहिरीवरून एक दुपार आठवते. तिनं चहा आणून दिला. मी घोट घेतला आणि तो घशाखाली उतरेना. साखरेसारखंच मीठ ढवळलेलं होतं चहात. मला वाटलं, डबा चुकला. आत्या समोर बसून तोच चहा फुंकून फुंकून पीत होती. मी उठून विहिरीवर गेले, कळशीतलं पाणी चाखलं. खारट. रहाटाखाली वाकून पाहिलं तर आतल्या चिऱ्यांना, पाण्याच्या रेषेवर, पांढरे ठिपके चिकटलेले. आत येऊन तिला म्हटलं, आत्या, विहीर गेली. ती म्हणाली, "काय गेली? गोडी हाय की." आणि मला पटवायला ती तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

खाडीत उतरून जी बाई मिठाचा पाऊल-पाऊल माग काढायची, तिच्या जिभेला आता मीठ लागत नव्हतं. म्हातारपणानं चव जाते, हे मला माहीत आहे. रोज थोडं थोडं वाढत गेलं तर जाणवत नाही, हेही माहीत आहे. पण त्या दिवशी तिच्या पांढऱ्या रेघांच्या हाताकडे, ओल्या पायांकडे, भिंतीला टेकून स्तब्ध बसलेल्या तिच्याकडे बघताना मला वाटलं, की सगळे जीव वर सरकत असताना ही बाई एका जागी राहूनच पलीकडे चालली आहे. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मीठ बंद करायला सांगितलं. तिनं मान डोलावली. मी दर खेपेला गोड्या पाण्याचे कॅन नेऊन ठेवायला लागले. ती त्यातलं पाणी तुळशीला घालायची. "तिला सोसत नाय गो खारं," म्हणायची. "मला सोसतं."

माझा फेरा नेहमी उधाणाच्या दुपारी, पाणी ओसरेपर्यंतचा. एकदा मात्र कॉलेजला सुट्टी होती म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनंच निघाले. पुढलं दार उघडंच होतं. हाक मारणार तेवढ्यात मागून खरवडल्याचा आवाज आला. खर्र, खर्र, मग थांबणं, मग पुन्हा. मी घरातून आडवी जाऊन मागल्या दारात उभी राहिले. आत्या खालच्या पायरीवर उकिडवी बसली होती. हातात कालवं पाडायची वाकडी कोयती. उंबऱ्याखालच्या पायरीवर मसुराएवढी कालवं बसलेली होती, दाट, आणि आत्या एका कडेनं ती काढत चालली होती. काढलेल्या जागी चिऱ्यावर पांढरी चकती उरायची, तीही नखानं घासून घालवायची. किती महिने, किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. बोटांची टोकं सोललेली होती.

"आत्या, हे काय?"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "दात घासतेय पायरीचे."

मी चिडले. म्हटलं, शब्द दिला होतास. पायरीला हात लावून दिला होतास.

"बसलं तर येईन म्हटलं होतं," ती म्हणाली. "बसू देईन असं कुठं म्हटलं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं कोयतीच्या टोकावर एक कालव उचललं आणि माझ्यापुढं धरलं. "तूच सांगितलंस ना, हे इवलं असताना पाण्यातून फिरतं. वाटेल तिथं जातं. मंग एकदा टेकलं की टेकलं. हे आता मी काढलं. नेऊन दुसऱ्या पायरीवर ठेवलं तर धरेल काय?"

"नाही धरणार."

"मरेल?"

"मरेल."

"मंग मला सांग, मला तू कुठं ठेवणार हायस?"

मी मनात पुष्कळ उत्तरं जुळवली. माणूस म्हणजे कालव नव्हे, हे तर पहिलंच. माणसं सड्यावर राहतात, मुंबईत राहतात, जिथं सोसत नाही तिथंही वर्षानुवर्षं राहतात. पण तिच्या तोंडावर ते म्हणवलं नाही. मी चप्पल काढली, तिच्या शेजारी बसले आणि चिऱ्यावरच्या चकत्या घासायला लागले. दोघींचं घासून झालं तेव्हा तिनं पायरीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "नखं गेली तुझी."

ती गेली ती भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मंद असतात तेव्हा. त्या आठवड्यात तिच्या पायरीपर्यंत पाणी आलंच नव्हतं. मला दुपारी एका होडीवाल्याचा फोन आला, की म्हातारी आज मागल्या दारात दिसली नाही. मी पोचले तेव्हा ती खाटेवर उताणी होती, हात पोटावर. पाय पुढं पसरलेले, आणि कोरडे. तळव्यांना भेगा होत्या, त्या भेगांत मिठाची बारीक पांढरी भुकटी बसलेली होती. मी ओल्या फडक्यानं पुसली तरी ती निघाली नाही.

वाडीचा रस्ता मागच्या पावसाळ्यात खचला होता, गाडी आत येत नव्हती. विलास मुंबईहून आला आणि आम्ही तिला होडीनं नेलं. मागल्या दारानं, त्याच पायऱ्यांवरून. सासूनं जिथं तिच्या पायांवर पाणी घातलं होतं तिथं तिरडी क्षणभर टेकवली. दोन्ही बाजूंची कालवं मिटत गेली. आम्ही खाली उतरत होतो आणि तो आवाज आमच्या बरोबरीनं एकेक पायरी उतरत होता.

दहाव्याला पिंड तिथंच ठेवायचं ठरलं. विलासचा हट्ट होता, आईला दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं, तिचं सगळं इथंच करायचं. भटजी होडीतून आले, कुरकुरत आले. आम्ही उंबऱ्याखालच्या पायरीवर पान मांडलं, त्यावर पिंड ठेवला, तिला आवडायचं म्हणून सुक्या बांगड्याचा तुकडाही ठेवला, आणि मागं सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. विलासनं हात जोडून एकेक कबूल केलं. घर विकणार नाही. दिवा लावीन. वर्षश्राद्ध करीन. कावळा येईना. भटजी म्हणाले, काहीतरी राहिलंय तिचं मनात. मग बाबांनीही काही कबूल केलं. वर आभाळ स्वच्छ होतं. कुठं पंख हलत नव्हता, कुठून काव ऐकू येत नव्हतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी इतका वेळ काय बघत होते, कोण जाणे. कावळा रानातला पक्षी नाही, तो माणसातला पक्षी आहे. जिथं चूल पेटते, जिथं खरकटं पडतं, तिथं तो राहतो. माणसं उठली की तोही उठतो. वाडीत माणूस म्हणून आत्या एकटी उरली होती, आणि एका म्हातारीच्या ताटातल्या शितांवर कावळ्यांचं भागत नाही. तिच्या आधीच ते गेले असणार, मधूकाकाच्या मागून सड्यावर, नाहीतर बाजाराकडे. मी दर खेपेला बसलं का, बसलं का म्हणून खाली वाकून पायरी तपासत होते, आणि झाडावर कोण उरलं नाही हे आमच्यापैकी कोणी वर मान करून पाहिलं नव्हतं. कावळा रुसला नव्हता. कावळा तिथं राहतच नव्हता.

मी तसं सांगितलं. भटजींनी एव्हाना पिशवीतून दर्भ काढला होता, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायला. पण पुनवेचं उधाण होतं, पाणी आमच्या नकळत वर आलं होतं. पायरीच्या फटीतून एक मोठी कुर्ली निघाली. आडवी चालत पानापर्यंत आली, नांगीनं बांगड्याचा तुकडा उचलला, आणि तोंड आमच्याकडे ठेवून तशीच आडवी पाण्यात उतरली. पाठोपाठ एक लाट आली, लाट कसली, नुसती सूज, आणि पान पिंडासकट अलगद उचलून घेऊन गेली. भटजींच्या हातात दर्भाचा कावळा तसाच राहिला. बाबा एवढंच म्हणाले, "ज्याचं त्यानं नेलं." कोणी हुज्जत घातली नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी गेले नाही. घराची किल्ली माझ्याकडे होती. पावसाळा सरला, नवरात्र झालं, आणि एका सकाळी ओहोटीची वेळ बघून मी स्कूटी काढली. डिकीत आत्याची कोयती घेतली. दहाव्यानंतर ती मीच आणून ठेवली होती, धारही लावली होती. काय करायचं हे ठरवून निघाले होते. खचलेल्या रस्त्याच्या अलीकडे गाडी लावली आणि बांधावरून चालत गेले. तिवरं आता खांद्याला लागत होती. पुढलं दार उघडलं. चुलीवर एक निवटा बसला होता. तो माझ्याकडे बघून डोळे मिटल्यासारखा करत राहिला, हलला नाही. मी त्याच्या बाजूनं वळसा घालून मागल्या दाराशी गेले, कडी काढली, आणि बाहेर बघायच्या आधी माझ्याच तोंडून निघालं, "कोण आलंय?"

टक्.

अगदी पायांपाशी. मी खाली पाहिलं. उंबऱ्याखालची पायरी दिसतच नव्हती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कालवं, अंगठ्याच्या नखाएवढी, काही त्याहून मोठी, एकावर एक. उंबऱ्याच्या लाकडावरही दोन बसली होती.

मी कोयती घेऊन वाकले. मग तिचं बोलणं आठवलं, टेकलं की टेकलं. काढलेलं कालव दुसरीकडे धरत नाही, हे तिला मीच सांगितलं होतं. ज्या बाईला ही पायरी रिकामी हवी होती ती आता इथं राहत नव्हती, आणि जे राहत होते त्यांना दुसरी जागा नव्हती. मी कोयती उंबऱ्यावर आडवी ठेवली.

"आत्या," मी म्हटलं, "कालव बसलं. शब्द दिलायस. चल."

मोठ्यानं म्हटलं, लाज वाटली नाही. दार ओढून घेतलं पण कडी घातली नाही, कुलूपही लावलं नाही. बांधावरून परत येताना माझ्या मागं चिखलात पावलं वाजल्यासारखी वाटली. चिखलातून चाललं की आपलीच पावलं उशिरा सुटतात आणि तसा आवाज येतो. मी मागं पाहिलं नाही. गाडी सुरू केली, भाट्याचा पूल ओलांडला, आणि शहराच्या चढावर लागले तेव्हा गाडी ओढेना. मागं कुणी बसल्यावर जशी होते तशी जड झाली होती. मी विज्ञानाची पदवीधर आहे. चढावर गाडी जड का होते, ह्याची चार कारणं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही मी तपासलं नाही. नुसती हळू चालवली, खड्डे चुकवत, म्हातारं माणूस मागं असल्यासारखी, आणि घराशी आल्यावर आधी मी उतरले नाही. जरा थांबले.

मागली सीट ओली होती.